रवी आणि यंत्र : हँड ब्लेंडरच्या लाभांचा ऐतिहासिक विचार

१

घरगुती उपकरणांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची अडचण प्रारंभीच जाणवते. राजांच्या सनदा आणि देवस्थानांचे ताम्रपट जपून ठेवण्याची व्यवस्था समाजाने केली. रवी, पाटा, खलबत्ता यांच्याविषयी काही लिहून ठेवावे असे मात्र फारसे कोणास वाटले नाही. ही उपकरणे ज्यांच्या हातांत होती त्यांना लिहिण्याची सवड नव्हती आणि बहुधा अक्षरओळखही नव्हती. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी ती हाती धरली नाहीत. पाककृतींच्या पुस्तकांत 'वाटून घ्यावे' किंवा 'घोटून घ्यावे' एवढे एक क्रियापद येते. त्यामागील अर्धा-पाऊण तासाचे श्रम अध्याहृत राहतात.

विजेवर चालणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत अडचण निराळ्या प्रकारची आहे. येथे लिखित साधने विपुल आहेत; परंतु ती बव्हंशी विक्रेत्यांनी निर्माण केलेली आहेत. त्यांत लाभांची यादी असते, आणि ते लाभ जणू वस्तूच्या अंगीच जडलेले आहेत अशा रीतीने मांडलेले असतात. इतिहासाच्या अभ्यासकास एवढ्यावर थांबता येत नाही. एखादे उपकरण लाभदायक ठरते ते पूर्वीच्या कोणत्या तरी रीतीच्या तुलनेने, कोणत्या तरी अन्नाच्या संदर्भात, आणि कोणाच्या तरी श्रमांच्या हिशेबात. हे तीन संदर्भ वगळले म्हणजे लाभ हा शब्द पोकळ होतो.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका लहानशा यंत्राचा विचार करावयाचा आहे. हातात धरावयाची एक दांडी, तिच्या वरच्या टोकास विजेची मोटर, खालच्या टोकास फिरणारे पाते आणि त्या पात्याभोवती घंटेच्या आकाराचे संरक्षक कवच, असे त्याचे सामान्य स्वरूप आहे. हे टोक पातेल्यातील पदार्थात बुडवून कळ दाबली की पदार्थ तेथल्या तेथे एकजीव होतो. आपल्याकडे यास 'हँड ब्लेंडर' म्हणतात, आणि तेच नाव येथे वापरले आहे. या यंत्राचे मुख्य लाभ वेगातून निष्पन्न होत नाहीत, तर यंत्र पात्राकडे नेण्याच्या रीतीतून निष्पन्न होतात, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. ही रीत विजेहून फार जुनी आहे.

२

अन्नाचे रूप पालटणारी मराठी क्रियापदे एकत्र मांडून पाहिली तर त्यांचे दोन गट पडतात. दळणे, कांडणे, कुटणे, वाटणे, खलणे, ठेचणे ही क्रियापदे पहिल्या गटातील होत. घुसळणे, घोटणे, फेटणे, ढवळणे ही दुसऱ्या गटातील. पहिल्या गटातील प्रत्येक क्रियेस एक जड आणि बहुधा स्थिर उपकरण लागते : जाते, उखळ, पाटा, खल. धान्य, मसाला किंवा खोबरे त्या उपकरणापाशी न्यावे लागते आणि काम झाल्यावर तेथून काढून, निपटून दुसऱ्या भांड्यात घ्यावे लागते. दुसऱ्या गटात याच्या उलट घडते. पदार्थ आपल्या पात्रात स्थिर असतो, आणि रवी, पळी किंवा घोटणी यांसारखे हलके उपकरण त्यात उतरते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. पहिल्या गटातील क्रियांत दगडाचे वजन आणि शरीराचा भार कामी येतो. पाट्यावर वाटणारी बाई जमिनीवर बसून खांद्यांचा आणि कमरेचा जोर वरवंट्यावर टाकते. दुसऱ्या गटात वजनापेक्षा गतीला महत्त्व आहे. लहान रवी दोन तळव्यांत धरून फिरविता येते. मोठ्या डेऱ्यातील दह्यासाठी रवी घुसळखांबाशी बांधून तिला दोरीचे वेढे देतात आणि दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढतात. दोन्ही प्रकारांत रवी एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने फिरते. समुद्रमंथनाच्या पुराणकथेत मंदराचल रवी झाला आणि वासुकी दोरी झाला. ती कथा रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घरातील हीच क्रिया होती, हे उघड आहे. सागर कोठे हलविला गेला नाही. रवी सागरात उतरली.

ही रीत केवळ भारतीयांचीच होती असे मात्र नाही. मेक्सिकोत चॉकलेटचे पेय फेसाळ करण्यासाठी 'मोलिनियो' नावाची कोरीव लाकडी रवी तळव्यांत धरून फिरवितात. स्पॅनिश वसाहतीच्या काळापासून ती तेथील स्वयंपाकघरात रूढ आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन समाजांनी एकाच प्रश्नास जवळजवळ एकच उत्तर दिलेले येथे आढळते. प्रश्न असा की, पात्रातील पातळ पदार्थ न काढता तो एकजीव कसा करावा. हँड ब्लेंडर हे त्याच प्रश्नाचे विसाव्या शतकातील उत्तर होय. परंतु वीज स्वयंपाकघरात आली ती प्रथम या वाटेने आली नाही, आणि येथेच इतिहासाचा खरा विषय सुरू होतो.

३

विजेच्या मिश्रणयंत्राचा आरंभ अमेरिकेतील पेयांच्या दुकानांत झाला. स्टीफन पोप्लाव्स्की याने १९२२ मध्ये माल्टयुक्त दुधाची पेये तयार करण्यासाठी एका यंत्राचे पेटंट मिळविले. त्यात फिरणारे पाते पेल्याच्या तळाशी बसविलेले होते. पुढे फ्रेड ओसियस याने या रचनेत सुधारणा केली. वाद्यवृंदाचा प्रसिद्ध संचालक फ्रेड वॉरिंग याने तिला भांडवल पुरविले, आणि १९३७ मध्ये ते यंत्र बाजारात आले. या सर्व यंत्रांत मोटर खाली, तिच्यावर काचेचे भांडे, भांड्याच्या तळाशी पाते, अशी रचना होती. पदार्थ यंत्राकडे आणावयाचा आणि काम झाल्यावर ओतून घ्यावयाचा. म्हणजे क्रिया घुसळण्याची असली तरी तिची व्यवस्था पाट्याची होती.

युरोपात याच सुमारास निराळा प्रयत्न चालू होता. सूप किंवा बटाट्याचा लगदा गुळगुळीत करावयाचा तर तो चाळणीतून घासून काढणे ही फ्रेंच पाकशाळेतील जुनी रीत होती. ज्यां मांतले याने १९३२ मध्ये हाताने फिरवावयाची भाज्यांची गिरणी तयार केली. छिद्रांच्या तबकडीवर फिरणारे तिरपे पाते शिजलेली भाजी खाली दाबत असे. आपल्याकडील पुरणयंत्राशी तिचे साम्य चटकन ध्यानात येईल. या गिरणीतूनच पुढे मुलिनेक्स या प्रख्यात कंपनीचा विस्तार झाला. श्रम पुष्कळ कमी झाले. तथापि पदार्थ भांड्यातून काढून गिरणीत घालणे आणि पुन्हा भांड्यात घेणे चुकले नाही.

ही अदलाबदल टाळणारे यंत्र स्वित्झर्लंडमध्ये निर्माण झाले. रॉजे पेरिंजाके याने ६ मार्च १९५० रोजी हातात धरावयाच्या विद्युत् मिश्रणयंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यास दिलेले 'बामिक्स' हे नाव फ्रेंचमधील 'फेटणे' आणि 'मिसळणे' या अर्थांच्या दोन क्रियापदांच्या जोडणीतून बनले आहे. पेरिंजाके याने केलेला बदल वर्णनास सोपा आहे. पाते भांड्याच्या तळाशी न ठेवता ते दांडीच्या टोकास बसविले, मोटर वर घेतली, आणि भांडे यंत्रापासून सुटे केले. यामुळे कोणतेही भांडे यंत्राचे भांडे होऊ शकले.

या कल्पनेचा प्रसार सर्वाधिक ठळकपणे दिसतो तो स्पेनमध्ये. बार्सिलोना येथील पिमेर या कंपनीसाठी गाब्रिएल ल्युएलेस याने १९५९ मध्ये 'मिनिपिमेर' हे यंत्र घडविले. ही कंपनी पुढे जर्मनीच्या ब्राउनकडे गेली. परंतु नाव टिकले, इतके की स्पॅनिश बोलीत कोणत्याही कंपनीच्या हँड ब्लेंडरला सर्रास मिनिपिमेर म्हणतात. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही घटना इतिहासाच्या अभ्यासकास पुराव्यासारखी असते. वस्तू घरोघरी पोहोचल्यावाचून असे घडत नाही. स्पेनमध्येच ते इतके का रुजले, याचे उत्तर तेथील अन्नात सापडते. टोमॅटोचे थंड गास्पाचो, भाज्यांची दाट सूपे, अंडे आणि तेल यांचे मेयोनेझ हे नित्याचे पदार्थ पातळ किंवा मऊ आहेत आणि ते पात्रातच एकजीव करावयाचे असतात. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, स्पॅनिश स्वयंपाकात घोटण्याचे काम आधीच भरपूर होते. यंत्र त्याच्या ठिकाणी येऊन बसले.

४

आता या यंत्राच्या लाभांची छाननी करता येईल.

पहिला लाभ उष्ण पदार्थांविषयीचा आहे. उकळते सूप झाकणाच्या भांड्यात घालून यंत्र सुरू केले तर आतील हवा व वाफ एकदम प्रसरण पावते आणि झाकण उडून अंग भाजण्याचा धोका संभवतो. म्हणून पदार्थ निववावा लागतो किंवा थोडा थोडा घ्यावा लागतो. हँड ब्लेंडर उघड्या पातेल्यात चालत असल्यामुळे वाफ कोंडत नाही, आणि गरम पदार्थ एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याचा प्रसंगच येत नाही. हा लाभ सर्वस्वी यंत्र पात्राकडे नेण्याचा आहे. आपल्या आज्या अळूची पातळ भाजी किंवा तुरीचे वरण चुलीवरच्या भांड्यातच रवीने घोटीत, त्यामागे हेच शहाणपण होते.

दुसरा लाभ भांडी घासण्याचा. जाहिरातीत यास गौण स्थान मिळते. पण स्वयंपाकाच्या श्रमांत घासणे हा मोठा भाग आहे, आणि तो पाककृतीत कधीच लिहिला जात नाही. वेगळे भांडे, त्याचे झाकण, तळाचे पाते आणि रबरी चकती यांऐवजी येथे एक दांडी धुवावी लागते. थोड्याशा कामासाठी मोठे यंत्र काढण्याचा जो कंटाळा येतो, तो या यंत्राच्या बाबतीत येत नाही.

तिसरा लाभ परिमाणाचा. भांड्याच्या यंत्रास किमान आणि कमाल अशी मर्यादा असते. फार थोडा पदार्थ घातला तर तो पात्यापर्यंत पोहोचत नाही. फार घातला तर उतू जातो. हँड ब्लेंडर एका पेल्यातील ताकासही चालतो आणि दहा माणसांच्या आमटीच्या पातेल्यासही चालतो. एकट्याने राहणाऱ्या माणसास याचे मोल विशेष आहे.

चौथा लाभ कौशल्याशी निगडित आहे. मेयोनेझ करताना अंड्याच्या बलकात तेल थेंबाथेंबाने घालीत सतत फेटावे लागे. तेल अधिक पडले की मिश्रण फाटे. उभट भांड्यात तळाशी बलक, वर तेल ठेवून हँड ब्लेंडर तळास टेकविला आणि सावकाश वर उचलला, तर कवचाच्या फटींतून तेल थोडे थोडे ओढले जाते, त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि बलकातील लेसिथिन त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. हाताने साधावयाचा संयम येथे यंत्राच्या रचनेनेच साधला आहे. जुन्या रवीशी तुलना केली असता एक विरोध नजरेस येतो. ताकातील रवी स्निग्धांश पाण्यापासून वेगळा करून लोणी वर आणते. हँड ब्लेंडर तेल आणि पाणी यांस एकत्र बांधतो. क्रिया घुसळण्याचीच, परंतु वेग, उष्णमान आणि पदार्थ भिन्न असल्यामुळे फळ उलट मिळते. रवी आलटून पालटून फिरते, तर यंत्राचे पाते एकाच दिशेने, सामान्यतः मिनिटास दहा हजारांहून अधिक फेरे घेत, पदार्थ कापीत जाते. म्हणून त्यास विजेची रवी म्हणणे सोयीचे असले तरी ते पूर्णांशाने खरे नव्हे.

पाचवा लाभ रुग्णसेवेतील आहे. पक्षाघात किंवा वार्धक्य यांमुळे ज्यांना चावता अथवा गिळता येत नाही, त्यांच्यासाठी गुठळ्या नसलेले अन्न ही चैनीची बाब नसून जिवाची निकड आहे. गिळण्याच्या विकारांसाठी प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत पेये आणि अन्न यांच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या केल्या असून चौथी पातळी गुळगुळीत लगद्याची आहे. घरात सर्वांसाठी केलेल्या अन्नातूनच एका वाटीपुरते अन्न वेगळे घेऊन ते या स्वरूपात देता येणे, यामुळे आजारी माणूस घरच्या चवीपासून तुटत नाही.

या लाभांइतक्याच मर्यादाही स्पष्ट आहेत. सुके मसाले, भिजविलेली कच्ची डाळ, सुके खोबरे यांवर हे यंत्र चालत नाही. पदार्थास ओघ असल्यावाचून तो पात्याकडे येत नाही. उकडलेल्या बटाट्यावर फार वेळ चालविले तर त्यातील पिष्ट मोकळे होऊन लगदा चिकट होतो. मोटर लहान असल्यामुळे थांबून थांबून वापर करावा लागतो. शिवाय उघडे पाते हाताच्या इतके जवळ असते की, वीज बंद न करता त्यात अडकलेला पदार्थ बोटाने काढू जाणे घातक ठरते.

५

या मर्यादांचा विचार केला म्हणजे महाराष्ट्रातील अनुभवाचा उलगडा होतो. येथील घरांत विजेचे जे यंत्र प्रथम प्रतिष्ठा पावले ते हँड ब्लेंडर नव्हे, तर मिक्सर होय. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६३ मध्ये मुंबईत सुमीत मिक्सरच्या उद्योगाचा पाया घातला. घरातील परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकला नाही, हा त्यामागील अनुभव होता. पाश्चात्त्य यंत्रे मऊ आणि पातळ पदार्थांसाठी बांधलेली होती. येथे तर ओले खोबरे, भिजविलेली डाळ, सुक्या मिरच्या आणि धने यांशी गाठ होती. म्हणून अधिक शक्तीची मोटर आणि निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी भांडी अशी योजना झाली.

यावरून असे दिसून येते की मराठी स्वयंपाकघरात ज्या श्रमांचे ओझे सर्वांत जड होते, त्यांच्याकडे यंत्र प्रथम वळले. ते श्रम पहिल्या गटातील क्रियापदांचे होते. दळणे गिरणीने उचलले, वाटणे मिक्सरने. घोटण्याचे काम त्या मानाने हलके होते, आणि त्यासाठी लाकडाची किंवा पुढे पोलादाची रवी पुरेशी होती. स्पेनमध्ये जे यंत्र घराघरांतील पहिल्या यंत्रांत गणले गेले, ते आपल्याकडे मिक्सरच्या मागून, पूरक म्हणून आले. एकाच यंत्राचे लाभ दोन समाजांत दोन निरनिराळ्या वजनांचे ठरले, याचे कारण यंत्रात नसून अन्नात आणि पूर्वीच्या साधनांत आहे.

मिक्सर आणि गिरणी यांच्या प्रसाराची एक किंमतही नोंदली पाहिजे. जाते आणि पाटा गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावून पुन्हा खरबरीत करावे लागे, आणि गावोगाव फिरून हे काम करणाऱ्यांत टकारी समाजाचे लोक होते. पाटा कोनाड्यात गेला तशी त्यांची ही उपजीविका आटली. इंग्रजी अमदानीत ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला होता, अशा समाजाच्या हातचे एक प्रतिष्ठेचे कौशल्य यात गेले. हँड ब्लेंडरने मात्र असे कोणास निराधार केल्याचे दिसत नाही. रवी आजही बहुतेक घरांत टांगलेली असते.

६

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. हे लाभ कोणाच्या पदरी पडले? १९६० च्या दशकात मुलिनेक्स कंपनीने आपली उपकरणे स्त्रीस मुक्त करतात, असा प्रचार फ्रान्सभर केला. या दाव्याची परीक्षा करणारे संशोधन अमेरिकेत झाले आहे. जोअन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की नोकरी न करणाऱ्या अमेरिकन गृहिणी १९२० च्या दशकात घरकामास आठवड्याला सुमारे ५२ तास देत, आणि १९६० च्या दशकात, घर यंत्रांनी भरल्यानंतर, सुमारे ५५ तास देत. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात याची मीमांसा केली. यंत्राने प्रत्येक कामाचे कष्ट कमी केले, पण अपेक्षा वाढविल्या. पूर्वी पुरुष, मुले किंवा गडीमाणसे जी कामे वाटून घेत ती एकट्या गृहिणीकडे आली.

भारताविषयी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत याच स्वरूपाचा पुरावा मिळतो. बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसास सरासरी २९९ मिनिटे देतात, तर भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. हे आकडे मिक्सर, गॅसची शेगडी आणि हँड ब्लेंडर यांच्या काळातील आहेत.

येथे हँड ब्लेंडरचा एक गुण निराळ्या दृष्टीने पाहता येतो. पाट्यावर वाटण्यास अंगबळ, बैठक आणि वर्षानुवर्षांचा सराव लागे. या यंत्रास यांपैकी काहीच लागत नाही. एक हात आणि थोडे लक्ष पुरे. वृद्ध, विद्यार्थी, घरातील पुरुष, कोणीही उभ्याउभ्या ते वापरू शकतो. म्हणजे हे काम स्त्रीनेच करावे असे म्हणण्यास पूर्वी जो सरावाचा आधार दाखविला जाई, तो यंत्राने काढून घेतला आहे. असे असूनही कामाची विभागणी फारशी पालटली नसेल, तर तिचे मूळ कौशल्यात कधीच नव्हते असे अनुमान करावे लागते. यंत्र कामाचे परिमाण बदलते. ते काम कोणाचे, हे मात्र घर ठरविते.

तात्पर्य, हँड ब्लेंडरचे लाभ खरे आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. परंतु ते अन्न, पूर्वसाधने आणि श्रमविभाग यांच्या संदर्भातच मोजले पाहिजेत. या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी विक्रेत्यांच्या याद्यांवर विसंबू नये. पाटा, रवी, मिक्सर आणि हँड ब्लेंडर ही चारही साधने ज्यांनी आपल्या हातांनी वापरली आहेत, अशा स्त्रिया आज आपल्या घरांत आहेत. कोणते साधन घरात कधी आले, ते कोणाच्या सांगण्यावरून आले, आणि वाचलेला वेळ कोठे गेला, हे त्यांना विचारून लिहून घ्यावे. त्यांची स्मृती हेच या इतिहासाचे दप्तर आहे आणि ते दप्तर फार काळ उघडे राहणार नाही.